मधली चित्रं

रात्री साडेअकराला उद्यमनगरातलं शेवटचं लेथ थांबतं
आणि मी सुई खाली ठेवतो.
आधी नुसती खरखर,
कुणी कढईत रवा भाजायला घेतल्यासारखी.
मग ड्रमच्या कातड्यावरून ब्रश,
घाई नसलेली बाई अंगण झाडते तसा.

ही तबकडी शांतवन आवळे मास्तरांची.
मिरजेच्या मिशन दवाखान्यातला कुणी डॉक्टर
मायदेशी जाताना त्यांना देऊन गेला होता.
मास्तर लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे.
लाल कोट, खांद्यावर पिवळी झालर,
डाव्या बाहीला कधीच न गेलेला गुलाल.
वरात संपली की ब्रह्मपुरीच्या चढावर सायकल हातात धरून चालायचे
आणि मागे मी, आठवीतला, त्यांची पेटी छातीशी धरून.
एकदा म्हणाले,
"ठेक्यावर पाय काय, कुनीबी टाकतंय रं.
तू जरा मागनं ये.
पर एवढं बी मागनं नको, का लोक म्हनतील चुकलं."

मला कळलं नाही.
कळायला पेन्सिल लागली, आणि बावीस वर्षं.

बावीस वर्षं मी मधली चित्रं काढली.
पहिलं चित्र दुसऱ्याचं, शेवटचं दुसऱ्याचं.
अस्वल झाडाखाली. अस्वल झाडावर.
मधलं चढणं माझं.
आधी पुण्यात, मग हैदराबादेत,
खालून उजेड येणाऱ्या काचेवर वाकून,
बोटांच्या बेचक्यांत पाच कागद धरून फडफडवत.
सेकंदाला चोवीस हवीत,
परवडत नाहीत म्हणून बारा.
कुठल्या देशाच्या सकाळी ते अस्वल उठायचं, माहीत नाही.
शेवटी नावं यायची, माझं कधीकधी चुकीचं,
आणि इतक्या वेगानं वर जायची
की आईला दाखवायला मी रिमोट धरून आधीच बसायचो.
तरी हुकायचं.
"दिसलं की," ती म्हणायची. "तुझंच हुतं."

आता बासची जाड तार.
जड माणूस जिना उतरतो तशी,
प्रत्येक पायरीवर थोडा विचार.
असं उतरणं मी एकदा काढलं होतं.
सुपरवायझरनं परत पाठवलं. शेरा: अंतरं समान नाहीत.
नव्हतीच.

एक मात्र सुटलं त्याच्या नजरेतून.
भाग एकोणतीस. मागे एक गाय उभी, तिला काही काम नव्हतं.
मी तिचा कान हलवला.
गंगावेशीत धारेला उभ्या असलेल्या म्हशी हलवतात तसा,
माशी नसताना, उगीच, जरा उशिरा.
चार चित्रं. कुणी मागितली नव्हती.
पैसे मिळाले नाहीत. कुणी काढूनही टाकली नाहीत.

आता दोन टोकं दिली की मधलं यंत्रच भरतं,
तुपासारखं गुळगुळीत.
मी राजारामपुरीत पोरांना एलिमेंटरीच्या परीक्षेसाठी
मडकं आणि दोन केळी शिकवतो.
वाईट वाटतं का? वाटतं.
मनगट दुखायचं थांबलंय, हेही खरं.

गेल्या महिन्यात सलूनमध्ये, मानेवर वस्तरा,
समोर टीव्ही, आवाज बंद.
हिरवं कुरण. अस्वल. मागे ती.
मला हलता येईना.
शेजारच्या खुर्चीवर फळी टाकून बसवलेलं पोरगं
कापडातून बोट काढून ओरडलं, "म्हस!"
बाप म्हणाला, "गाय हाय ती."
"न्हाई. म्हस."
बाप पेपर वाचत राहिला.
मी आरशात त्या पोराकडं बघत राहिलो,
न्हाव्यानं डोकं सरळ करेपर्यंत.

बाजू संपली.
सुई आतल्या गोलात फिरतेय, टक्,
मग काही नाही, मग टक्.
मास्तर असते तर त्यावरही काही वाजवलं असतं.
उठायला हवं.
उठतो,
जरा मागनं.