उजव्या बाजूने

रिटर्न कॉपीच्या तळाशी एक ओळ असते:
सर्व्ह्ड / नॉट सर्व्ह्ड.
नको असेल ते खोडायचं, सही करायची.
एकोणीस वर्षं मी एवढंच करतो.
आधी भावाच्या एम-एटीवर, आता कर्जाच्या अ‍ॅक्टिव्हावर.

मराठीत याला बजावणं म्हणतात.
समन्स बजावतात, मतदानाचा हक्क बजावतात,
आई बजावायची ते वेगळंच:
‘भरतीच्या वेळी मानशीकडे जाऊ नको.’
इंग्रजीचं मात्र एका शब्दात भागतं.
आमचा नितेश व्हॉलीबॉलच्या जाळीवरून हाणतो, तो सर्व्ह.
बायको कळंगुटला परक्यांपुढे बशा मांडते, ती सर्व्हिस.
माझी ही पेन्शनीची, ती पण सर्व्हिसच,
आणि नाझरबाई सकाळी दारातच सांगतात,
‘सर्व्हर डाऊन’,
म्हणजे आज कोणीच कोणाचं काही करू शकत नाही.

दिवाडीचे कागद माझ्याच गळ्यात पडतात.
मी पलीकडचा, नार्व्याचा.
जाता जाता टाक, म्हणतात.

त्या मंगळवारी जाता जाता
पाश्कोल मिनेझिस, वय वर्षे त्र्याऐंशी.
हिश्श्याची केस. घालणारा सख्खा पुतण्या,
हल्ली मुक्काम स्विंडन.
म्हातारा बाल्कांवात बसून
वाटाण्याच्या शेंगा सोलत होता.
चष्मा शोधला, मिळाला नाही,
तसाच कागद लांब धरून वाचला, दोन्ही पानं,
वकिलाच्या पत्त्यासकट.
सही करताना हात इतका हलला
की ‘मिनेझिस’मधला एक डोंगर जास्तच झाला.

‘बस रे पुता,’ म्हणाला आणि आत गेला.

पक्षकाराच्या घरी पाणीसुद्धा घेऊ नये,
हे मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.
पण तो बाहेर आला तेव्हा
डाव्या मनगटावर इस्त्रीचा पांढरा रुमाल,
तळव्यावर ट्रे,
ट्रेवर कोकमाचा एकच ग्लास.
मघाचा थरथरता हात ट्रेखाली
गच्च, जेटीसारखा.
माझ्या पाठीमागून वळसा घालून
उजव्या बाजूने आला, किंचित वाकला,
ग्लास ठेवला. आवाज नाही.

‘एकेचाळीस वर्षं बोटीवर,’ तो म्हणाला,
‘कॅप्टनला, नवऱ्या-बायकांना, एकदा एका मंत्र्याला,
समुद्र उलटापालटा होत असताना सूप.
सगळ्यांना मी सर्व्ह केलं.
मला कोणी केलं नव्हतं.
आज तू केलंस.’

हसला की नाही, कळलं नाही.
मी ग्लासाकडे बघत होतो.

मग आतल्या मेजाकडे बोट करून म्हणाला,
‘तिथंच त्याला वाढायचो मी, सुट्टीवर आलो की.
तिथंच वाढला तो.’
एकच क्रियापद, दोनदा.
आमच्याही भाषेला कधीकधी
एका शब्दात भागवावं लागतं.

कोकम आंबट होतं, मीठ जरा जास्त.
सगळं प्यालो.
रिकामा ग्लास त्याने डाव्या बाजूने उचलला
की उजव्या, तेवढं आता आठवत नाही.

नार्व्याची फेरीबोट पाऊण तास आली नाही.
कठड्यावर कागद ठेवून ‘नॉट सर्व्ह्ड’वर रेघ मारली.
बरोबरच होतं ते.
कोणी कोणाला, हे लिहायला
फॉर्मवर जागा नसते.

घरी बायको नुकतीच आली होती,
पाय सुजलेले, केसांना तळणीचा वास.
आमटीच्या पातेल्यातला डाव मी उचलला.
‘तू बस,’ म्हटलं, ‘मी वाढतो.’

ती बसली नाही.
माझ्याकडे जरा वेळ बघत राहिली,
मग विचारलं,
‘आज कोणाचं घर होतं?’