हिरवी तार

सकाळी नऊलाच मेन स्विच पाडला.
पंखा आपल्या सवयीनं
अजून थोडं फिरला, मग थांबला,
आणि पत्र्यावरचं अमळनेरचं ऊन
खाली उतरून खोलीत बसलं.

छबिलाल शिंप्याचं घर, बोरीच्या अलीकडे,
गिरणीचा भोंगा ऐकू यायचा तेव्हाचं.
सून म्हणाली, "इस्तरी करंट मारस.
लाकडी पाटवर उभी ऱ्हाईसन कपडा दाबस मी."
पाट तिनं पायानंच पुढे सरकवला.
मधोमध दोन पावलांची झीज.

मी पट्ट्या उचकटायला लागलो.
सागाची केसिंग,
तिच्यावर दर दिवाळीचा एकेक हात चुना.
टिनाच्या क्लिपा चिमटीत धरल्या की पापडासारख्या मोडत.
आतल्या तारेचं रबर म्हणजे नुसता भुगा.
उंदरानं कुरतडलं होतं तिथं तांबं उघडं,
आणि शेजारच्या तारेपासून
मध्ये एक दोरा जाईल
इतकंच लांब.
एवढ्या अंतरावर हे घर
जेवलं, झोपलं,
लग्नसराईत रात्र रात्र मशीन चालवत राहिलं,
एक जावई इथून रुसून गेला आणि पोळा झाल्यावर परत आला.

"कोनी करेल शे रे भो हाई काम?"
मी म्हणालो, बघतो.

मग स्विचबोर्ड उघडला.
बल्बच्या दोरीला मागच्या बाजूला एक गाठ होती.
दोन फेरे, शेपूट आतल्या अंगाला.
ही गाठ मला कुठल्या मिस्तरीनं शिकवलेली नाही.
पोरवयात म्हैस बांधता बांधता
हाताला बसली, ती बसलीच.

परवाना नुकता हातात आलेला तेव्हा.
बहिणीचा साखरपुडा तोंडावर.
आणि बिलात माझ्याच अक्षरात एक ओळ:
अर्थिंग, नग एक, साडेचारशे रुपये.

गाठीखाली हिरवी तार.
ओढली.
वीतभर आली आणि संपली.
टोक पकडीनं तिरकं कापलेलं,
भिंतीच्या भोकात नीट खोचून ठेवलेलं,
वर सिमेंटचं बोट.
जमिनीशी तिची कधी गाठच पडली नव्हती.

दुपारी कुणी न सांगता अंगणात खणायला घेतलं.
दोन हात काळी माती, भेगा पडलेली,
मग पांढरी, चिकट,
मग पहारीच्या टोकाला पहिला गारवा.
वाण्याकडे पाच किलो खडे मीठ मागितलं.
तो म्हणाला, "इतलं लोणचं, हिलालभाऊ?"
मीठ, कोळसा, पुन्हा मीठ.
घाम त्यातच पडत होता, तोही खारटच.

छबिलालबाबा ओट्यावर येऊन बसले.
डोळ्यांत मोतीबिंदू,
पण बोटं अजून शिंप्याची.
भंगाराच्या ढिगातून त्यांनी दोरी उचलली,
गाठीवरून अंगठा फिरवला,
उलटा, मग सुलटा.
"तुन्हीच शे ना रे हाई गाठ?
मानूसना टाका बदलत नही."

मी पहार टेकवली.

ढिगात चाचपडताना त्यांना ती हिरवी तार सापडली.
टेप धरावी तशी दोन बोटांत ताणली,
एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.
"इतलीच?"

"इतलीच, बाबा."

त्यांनी ती गुंडाळून
बंडीच्या खिशात टाकली,
सुई जपून ठेवावी तशी.
पुढे काही विचारलं नाही.
आतून सुनेनं चहा आणला,
दोघांना एकाच ताटलीत.

नवीन तार ओढून झाली तेव्हा
उन्हं कलली होती.
बिल लिहिलं. अर्थिंग, नग एक.
त्यापुढे आकडा नाही.
सुनेला सांगितलं,
उन्हाळाभर या खड्ड्यात रोज दोन तांबे पाणी घाला.
ती म्हणाली, "तुळसला घालस तसं?"
म्हटलं, तसंच समजा.

मेन वर केला. पंखा कुरकुरला, फिरला.
तिनं इस्तरी लावली.
मी टेस्टर तिच्या पत्र्याला टेकवून दाखवला,
एकदा, दोनदा.
आतला दिवा लागला नाही.
मग स्वतःचा हात ठेवला
आणि ठेवूनच उभा राहिलो,
तापायला लागेपर्यंत.

तिनं सगळं बघितलं, मान हलवली,
शर्टावर पाणी शिंपडलं,
आणि पायानं पाट जवळ ओढून
त्यावर उभी राहिली.