जाळीच्या मागून

फ्राय बेंतोसला, नदीच्या बाजूला, एल्व्हिओच्या सलूनमध्ये
मंगळवारी दाढीला कुणी येत नाही.
खुर्च्या तीन, माणसं अकरा,
येर्बाच्या कडू काढ्याचा एकच भोपळा
हातोहात फिरतो आहे.

प्रश्न एवढाच :
नवा गोलकीपर घ्यायचा की नाही.

शनिवारी चार खाल्ले.
त्यातले तीन डावीकडून, जमिनीलगत,
संध्याकाळी गाय आपल्या गोठ्यात शिरते
तितके निवांत.

आदेमार एकोणचाळीसचा.
सकाळी बर्फाच्या कारखान्यात, शनिवारी आमच्या गोलात.
विल्मार म्हणतो, बस झालं आता.
पायसांदूला एक पोरगा आहे, बावीस वर्षांचा,
नुसता उभा राहिला तरी हात आडव्या दांडीला पोचतो.
पगार मागतो, वर बसचं भाडं.

नाकापेक्षा मोती जड, मी म्हणालो,
कारण क्लबचा गल्ला माझ्याकडे असतो :
बिस्किटांचा पत्र्याचा डबा,
त्यात सोडतीचे पैसे, एक फुटकी शिट्टी
आणि कुणाचा तरी दात. तो कुणाचा, ते अजून ठरायचंय.

ओनोफ्रेने दोलोरेसविरुद्धची पेनल्टी काढली.
तो ती दर वेळी काढतो.
'एका बोटाने अडवली होती रे!
ते बोट अजून वाकडं आहे त्याचं.'
विल्मार म्हणाला,
'वाकड्या बोटाने तूप निघतं, ओनोफ्रे. चेंडू अडत नाही.'

'तुझ्या बापाच्या पेटीला खांदा दिला त्याने.'
'दिला. म्हणून काय बापाच्या जागी उभा करू?'
यावर एल्व्हिओने उगाचच
रिकाम्या खुर्चीवरचे केस झटकले.

हात मोजले. पाच इकडे, पाच तिकडे.
राहिली निबिया.

निबिया म्हणजे मांसाच्या कारखान्यात डब्यांना झाकणं लावून
निवृत्त झालेली, फळांच्या खोक्यावर बसून
गोलच्या मागून सामना बघणारी.
मध्यंतरात खोका उचलून दुसऱ्या टोकाला जाते,
आम्ही म्हणायचो, गुडघ्यांना बरं असेल.
आम्ही आदेमारला समोरून ओळखतो, छातीवर, हातमोज्यांवर.
तिला त्याची मान माहीत आहे,
पोटऱ्यांवरच्या निळ्या शिरा,
आणि कॉर्नरच्या आधी तो पाठीमागे
दोन बोटं कशी चोळतो ते.

ती म्हणाली, म्हणजे तिचे ओठ हलले,
आम्हाला पुढे झुकावं लागलं :

'डाव्या डोळ्याने त्याला दिसत नाही.
दोन वर्षं झाली.
मीच सांगते. डावीकडे. खाली. आत्ता.
तुम्हाला वाटायचं म्हातारी शिव्या देते.
द्यायचेही मधूनमधून,
पंचाला संशय नको.'

भोपळा ज्याच्या हातात होता
त्याच्याच हातात राहिला.

'मग शनिवारी?' विल्मारने विचारलं.
तिने गळ्यावरचा रुमाल जरा सैल केला.
'घसा बसला होता.
अजून बसलाच आहे. ऐकतोयस ना?
उठेल असं डॉक्टरीणबाई म्हणत नाहीत.'

मग तिने हात वर केला, पोराच्या बाजूने.
'घ्या त्याला. आदेमारला मी सांगते,
त्याला माझंच ऐकायची सवय आहे.'

पुन्हा मोजले हात.
ओनोफ्रेचा वर होता, वाकडा, अर्धवट,
दुकानात उधारी मागताना करतो तसा.
विल्मारचा नव्हता.
तो आरशात बघत होता,
एक डोळा तळव्याने झाकून,
मग दुसरा.

मी डबा उघडून पैसे मोजायला घेतले.
दोनदा चुकलो.
तिसऱ्यांदा पुन्हा पहिल्यापासून.