फळी उचलली की

पानं पिवळी पडली की दर शनिवारी
गुद्रुन डबा भरते: काळा पाव, उकडलेली अंडी,
पुडीत चिमूटभर मीठ.
एकार्ट बूट घासत बसतो, गाडीची वेळ झाली तरी.

एल्बेपलीकडे वाळूच्या दगडाचे सुळके.
त्यांना कुणी कुणी नावं ठेवलीत:
कोकरू, पाद्री, सासूबाई.
सासूबाईंपुढे तो टोपी काढून वाकतो,
ती न हसता पुढे जाते. दर वेळी.

बीचचा पाचोळा घोट्यापर्यंत.
ती काहीबाही सांगत राहते,
तो भलत्याच जागी ‘हं’ म्हणतो.
एकदा मुद्दाम म्हणाली, चालले मी तुला सोडून.
‘हो ना, छान ऊन पडलंय.’

धबधबा तसा किरकोळच. वर फळ्यांचा बांध,
नाणं दिलं की रखवालदार दोर ओढतो
आणि तीन मिनिटं
अडवलेलं सगळं एकदम कोसळतं.

तेवढ्यात तो कानातलं यंत्र काढून खिशात टाकतो.
आता तिलाही काही ऐकू येत नाही.
ती ओरडून काही सांगते,
तो ओरडून उत्तर देतो,
ओल्या हवेत नुसती तोंडं हलतात.

मग फळी खाली बसते. थेंब. थेंब.

ती पर्समध्ये
दुसरं नाणं शोधू लागते.