पाव आटा

अकराला वडगावातले माग थांबतात
आणि आमच्या घरात व्होल्टेज येतं.
दोनशे आठवर अडखळणारा काटा
दोनशे तीसला टेकला
की मी व्हॉल्व्ह तापायला सोडतो. वीस मिनिटं.
तोवर मालन भांडी पालथी घालून आडवी होते,
डोळे मिटायच्या आधी एकदाच म्हणते,
"ऐकून ऐकून झिजंल की ओ ते."

स्पीकरची खोकी फणसाची, फळ्या खानापूरच्या.
रंधा मारताना गंगाधर बडिगेरनं विचारलं होतं,
"आत काय ठेवणार?"
काही नाही, म्हणालो.
"काही नाही ठेवायला एवढी जाड फळी?"

स्टँडमध्ये मार्कंडेयची वाळू,
चाळलेली, तव्यावर भाजलेली.
खालची पितळी टोकं माझ्याच लेथवरची,
उद्यमबागेत, जेवणाच्या सुट्टीत काढलेली.
फरशीवर खडूच्या तीन खुणा. तिसरी खुर्चीची.
खुर्ची चार बोटं सरकली
तर गाणारं माणूस डाव्या भिंतीत जातं.

तीस वर्षं फौंड्रीशेजारी काढली.
डाव्या कानात एक बारीक शिट्टी राहायला आली आहे,
भाडं देत नाही, जातही नाही.
डॉक्टर म्हणाले, वरचे सूर गेले तुमचे.
कॅम्पातल्या मिनिन फर्नांडिसला विचारलं
(रेडिओ उघडला की तो आधी हुंगतो),
मग मी हे कशाला करायलोय?
म्हणाला, "चष्मा लागला म्हणून
खिडकी पुसायचं सोडतोस काय?"

आणि त्यानंच ही स्पूल दिली. शहापुरातली बैठक.
डबीवर साल कन्नड आकड्यांत, राग देवनागरीत,
दोन्हींवर मिळून चहाचा एकच डाग.
बाईंचं नाव कुठंच नाही. भीमपलास.
कुणीतरी हौसेनं दोन माइक लावलेले.
वर्षभर ऐकली,
गोणपाटातून ऐकावी तशी.

मग एका रात्री हेडचा स्क्रू फिरवला.
उजवीकडे. नाही.
डावीकडे, पाव आटा.
त्याच्याही निम्मा मागं.

तंबोऱ्याच्या तारा एकेक सुट्या झाल्या.
बाईंनी श्वास घेतला तो कळला,
बांगडी तबकाला लागली ती कळली.
आणि बाईंच्याही मागं, भिंतीपलीकडं,
खट्ट, सरर, खट्ट:
गल्लीत कुणीतरी रात्रीचा हातमाग ओढत होतं.
माग आपल्या लयीत, तबला आपल्या.
एकदाच, एकाच समेवर, दोघं एकत्र पडले
आणि उजव्या स्पीकरच्या हातभर मागं,
आमचं पाण्याचं पिंप आहे तिथं,
एक माणूस हसला आणि म्हणाला,
"हौदऽ."

मराठीत हौद म्हणजे पाण्याचा.
या गल्ल्यांत तो होकारही असतो, आणि कधी वाहवाही.

आतून मालन उठून बसली.
"कोण आलंय?"
कोणी नाही, म्हणालो.
तिनं तरी दाराची कडी बघितली.

रविवारी गंगाधरला बसवलं.
गुडघे जुळवून, हात मांडीवर,
फोटोला बसावं तसा बसला.
"हे आमच्याकडचं हौद न्हवं," म्हणाला,
"गोकाकाकडं ओढत्यात असं."
पुन्हा लाव, म्हणाला. लावली.
मी त्या हसण्याची वाट बघत होतो.
तो पुढं ऐकत राहिला, अंतऱ्याच्याही पुढं.
"माग थांबला बघ."

थांबला होता. अकरा वेळा ऐकून
मला थांबणं ऐकू आलं नव्हतं.

सूत तुटलं असेल.
तेल संपलं असेल कंदिलातलं.
पण तिथून पुढं बाईंच्या आवाजाभोवतीची खोली
जरा लहान वाटते,
दाराशी अजून एक अंग उभं असल्यासारखी.
गंगाधर म्हणतो, तुझा भास.
मिनिन म्हणतो, टेपची झीज.

स्क्रू हलू नये म्हणून
त्यावर लाल नेलपॉलिशचा एक थेंब सोडला आहे.
मालनची बाटली. अजून सांगितलं नाही.