उतार

डुलूथच्या आमच्या तळघरातलं पूलचं टेबल
सरोवराच्या बाजूला जरासं कललेलं.
तोइवो आजोबांनी ते बंद पडलेल्या बारमधून आणलं,
दगडी पाटी तीन तुकड्यांत.
जिन्यावरून उतरवायला चार खलाशी लागले
आणि फिनिश भाषेतल्या सगळ्या शिव्या.

कोपऱ्याकडे हळू निघालेला चेंडू
शेवटच्या वितीत डावीकडे मान वळवतो.
घरात हे कुणी कुणाला सांगितलं नाही.
आईला सातव्या वर्षी कळलं, मला नवव्या.
एल्मर मामाला अजून कळायचंय;
तो आधी काठीला दोष देतो,
मग खडूला, मग मामीला.

आजोबा गेले. मार्चमध्ये मी माणूस बोलावला.
त्यानं लेव्हल ठेवली, जीभ चुकचुकली,
पायाखालून एक घडी काढली:
गोदीचं हजेरी-कार्ड, एकसष्ट सालचं,
रात्रपाळीचे शिक्के अजून निळे.
"आता अगदी सपाट," म्हणाला
आणि पैसे मोजून गेला.

त्या रात्री माझा एकही चेंडू आत गेला नाही.
सगळे नाकासमोर चालत राहिले,
पाहुण्यांसारखे, सभ्य.

आयली पायरीवर बसलेली, पायांत बर्फानं ओले मोजे.
"आई, तो वळत का नाही?"

मी खेळताना ती पुस्तकात असते, असं मला वाटायचं.

गाडीचा जॅक लावून टेबल उचललं.
कार्ड तिनंच सरकवलं,
जुन्या घडीवर घडी.

मग मी काठी तिच्याकडे दिली.
तिच्याहून वीतभर उंच काठी.