बालदीचं बारसं

नगरपंचायतीने मला भिंती दिल्या, एकूण एकतीस.
चौरस फुटाला अठरा रुपये, रंग त्यांचा, ब्रश माझा,
मजकूर वरून आलेला :
‘ओला वेगळा, सुका वेगळा,
स्वच्छ शहराचा हाच सोहळा.’

मी बंदरातला पेंटर. होड्यांची नावं रंगवतो,
नाळेवर, पिवळ्याला काळी सावली देऊन.
‘ळ’ माझा बरा येतो. सोहळा तर फारच बरा आला.
एस.टी. स्टँडवर, मच्छीमार्केटच्या पाठीला,
बर्फाच्या कारखान्याला वळसा घालून,
एकतीस वेळा सोहळा.
लोक थांबून अक्षर बघायचे, झकास म्हणायचे,
आणि हातातली पिशवी
तिथेच, सोहळ्याखाली ठेवून जायचे.

पिशवीत सगळं एकत्र नांदायचं :
पेडव्यांची डोकी, दाढीचं पातं,
रात्रीची पेज, दुधाची पिशवी, गौरीचं निर्माल्य,
आणि पेपरात गुंडाळलेलं, कुणी कुणाला न सांगायचं असं काही.
आमच्या घरी निराळं नव्हतं.
बायको म्हणे, भिंतीवर लिहिता ते घरात वाचा कधीतरी.
मी म्हणे, मला लिहायचे पैसे मिळतात.

घंटागाडीवर सुरंगा कांबळी असते.
एका सोमवारी ती आली नाही.
मंगळवारी आली, उजवा हात फडक्यात,
कोपरापर्यंत सुजलेला. शिंगाळ्याचा काटा.
ज्यांना लागलाय त्यांना ठाऊक आहे,
शिंगाळा मेल्यावरही आपलं काम सोडत नाही.

मी शेवटच्या भिंतीवर काना-मात्रे देत होतो.
ती शिडीखाली उभी राहिली.
“पेंटरानू, अक्षरा बरी काढतास.”
हं, म्हटलं मी.
“त्या पिशयेत रंगाची बोळी होती. टर्पेंटाइनच्या वासाची.”
एवढंच. ओरडली नाही. घंटा वाजवत पुढे गेली.
शिडी आठ पायऱ्यांची.
उतरायला मला बराच वेळ लागला.

पंचायतीने वाटलेल्या दोन बालद्या घरात होत्याच.
हिरवीत आम्ही कुर्ल्या ठेवायचो, निळी न्हाणीत.
दोन्ही अंगणात पालथ्या घातल्या,
आणि हाताला दुसरं काही येत नाही म्हणून
नावं घातली.
हिरवी ‘भुकेली’. निळी ‘कोरडी ठेव’.
पिवळ्याला काळी सावली.

शेजारची जुबेदा मुकादम बघून गेली, संध्याकाळी बालदी घेऊनच आली :
‘शहजादी’ लिहा, जरा नुक्ता बघून.
फर्नांडिसांच्या पोरांनी दोन दिवस भांडून ‘डायना’ ठरवलं.
तारामती तांडेलीण मात्र काही न बोलता बसून राहिली,
मग म्हणाली, ‘लाभेश्वरी’.
वादळात फुटलेल्या त्यांच्या होडीचं नाव.
नाळेवर मीच रंगवलं होतं.
“होडी गेली. नाव तरी दारात ऱ्हवांदे.”
त्या बालदीत आजवर
चुकून एक चॉकलेटचा कागद पडलेला नाही.

सगळी सुधारली असं नाही.
वरच्या आळीत निळ्या बालदीत मोगरा लावलाय.
एका वकिलांनी नाव घालून घेतलं, फोटो काढला,
पिशवी अजून सोहळ्याखालीच.
मुख्याधिकारी विचारतात, हे काम कुठल्या हेडखाली दाखवायचं?
मी म्हटलं, बारसं.
बिल अजून अडकलंय.

पण सकाळी सुरंगा आता घरं नाही, नावं पुकारते :
“गो शहजादी! डायना खंय ऱ्हवली?”
आणि बायका उत्तर देतात, लेकीला हाक आल्यासारख्या.

तिचं एक बोट अजून वाकत नाही.
परवा विचारलं, गाडीला नाव घालू? फुकट.
तिने माझ्याकडे नाही, आमच्या ‘भुकेली’कडे पाहिलं.
“नाव मागीर. शिंगाळ्याचो काटो सुटो बांधा
आणि वरती लिवा.”

काल बाजारात शिंगाळा मिळाला.
जेवण झाल्यावर काटे जाड पेपरात बांधले,
दोऱ्याचे चार वेढे,
आणि दिवाणखान्यात, बायको बघत असताना,
तीन नंबरचा ब्रश घेऊन
पुडीवर एक शब्द काढला : काटा.
सावलीसकट.